पुतण्याला कॉलेज बास्केटबॉलचा असिस्टंट कोच व्हायचंय, यात करिअर असतं का?

एडिसनची_काकू:
नमस्कार मंडळी. हा प्रश्न इथे बसत नसेल तर ॲडमिननी हलवावा. माझ्या दिरांचा मुलगा इथेच अमेरिकेत जन्मलेला, त्यामुळे व्हिसाबिसाचा घोळ नाही, मे महिन्यात डिग्री होईल. चारही वर्षं कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा स्टुडंट मॅनेजर आहे, म्हणजे स्वतः खेळत नाही, प्रॅक्टिसला बॉल गोळा करून देणं, पाणी-टॉवेल, पोरांचे घामट कपडे लाँड्रीत टाकणं आणि रात्री बसून मॅचचे व्हिडिओ कापणं. आता म्हणतो दुसऱ्या कॉलेजात ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून जातो, मास्टर्सची फी माफ आणि वर थोडा स्टायपेंड, मग असिस्टंट कोच. दीर म्हणतात एवढी फी काय टॉवेलच्या घड्या घालायला भरली का, जाऊबाई दोन दिवस बोलत नाहीयेत आणि मला मध्ये घातलंय. खरंच पोट भरतं का यात? आणि मुख्य म्हणजे जो स्वतः कधी मोठा खेळाडू नव्हता त्याला कोण कोच करणार? गूगल केलं की नुसते मिलियन डॉलरवाले हेड कोच येतात.

टारहील_तात्या:
काकू, शेवटच्या प्रश्नाचं आधी. लॉरेन्स फ्रँक नावाचा माणूस आहे, तुमच्या न्यू जर्सीचाच, इंडियाना युनिव्हर्सिटीत हेड कोच बॉबी नाइटच्या टीमचा स्टुडंट मॅनेजर होता, सेम टॉवेल सेम लाँड्री. तिथून मार्केट (Marquette) युनिव्हर्सिटीत ग्रॅज्युएट असिस्टंट, मग टेनेसी युनिव्हर्सिटीत असिस्टंट, मग एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, आणि २००४ मध्ये तिथल्या न्यू जर्सी नेट्स टीमचा हेड कोच झाल्यावर पहिल्या १३ च्या १३ मॅचेस जिंकला. दिरांना हे वाचून दाखवा.

पण पैशाचं विचाराल तर रॉय विल्यम्सचं ऐका. हा नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीत फक्त फ्रेशमन म्हणजे पहिल्या वर्षाच्या टीममध्ये खेळलेला, नंतर एका हायस्कूलचा हेड कोच, बरी नोकरी, बायको, पोरगं. १९७८ ला नॉर्थ कॅरोलायनाचा हेड कोच डीन स्मिथनी पार्टटाइम असिस्टंट म्हणून बोलावलं आणि पगार किती, तर वर्षाला २,७०० डॉलर! आणि हा गेला. घर चालवायला टीमची कॅलेंडरं विकायचा, आणि डीन स्मिथच्या टीव्ही शोच्या टेपा रविवारी गाडीत घालून वेगवेगळ्या शहरातल्या स्टेशनांवर पोचवायचा. मायकल जॉर्डनला तिथे आणण्यात पण याचा हात होता. दहा वर्षं असं काढल्यावर १९८८ ला कॅन्सस युनिव्हर्सिटीनी एकदम हेड कोच केलं, कॉलेजात कधीच हेड कोच नसताना, कारण डीन स्मिथ मूळचा कॅन्ससचा आणि त्यानी शब्द टाकला. पुढे नॉर्थ कॅरोलायनाला परत येऊन २००५, २००९, २०१७ अशा तीन चॅम्पियनशिप.

त्याच बेंचवर बिल गथ्रिज पण होता आणि खरं तर मला तोच जास्त आवडतो. तीस वर्षं, १९६७ ते १९९७, डीन स्मिथच्या शेजारी बसला. हेड कोच झाला तेव्हा साठीचा होता, तीन सीझन केले, दोनदा फायनल फोर म्हणजे देशातल्या शेवटच्या चार टीमांत, आणि शांतपणे रिटायर. आता याला यश म्हणायचं की तीस वर्षं दुसऱ्याच्या सावलीत काढली म्हणायचं ते घरोघरी वेगळं असेल.

मिडवेस्ट_मावळा:
तात्यांनी नेहमीप्रमाणे फक्त गोड गोड सांगितलं 😀 मी काही वर्षं एका युनिव्हर्सिटीच्या ॲथलेटिक ऑफिसात अकाउंट्सला होतो, नाव नाही सांगत. असिस्टंट कोचचं काम म्हणजे कोर्टवर उभं राहून शिट्टी फुंकणं हा समज काढून टाका, तो वेळ सगळ्यात कमी. प्रत्येक असिस्टंटला काही प्रतिस्पर्धी टीम वाटून दिलेल्या असतात, त्याला ‘स्काउट’ म्हणतात, म्हणजे त्या टीमच्या मागच्या मॅचेस पाहायच्या, कोण डाव्या हातानी जातो, टाइमआउटनंतर कुठली ठरलेली चाल खेळतात, हे सगळं काढून पोरांसमोर मांडायचं, आणि ती मॅच हरली की स्काउट कुणाचा होता हे सगळ्यांना पाठ असतं. उरलेला वेळ रिक्रूटिंग. सतरा वर्षांच्या पोराला मेसेज, त्याच्या आईला मेसेज, त्याच्या क्लब कोचला मेसेज, आणि जुलैमध्ये जिममधून जिममध्ये. साउथ कॅरोलायनात पीच जॅम नावाची स्पर्धा असते तिथे सगळे कोच आपापल्या कॉलेजचा टीशर्ट घालून बसतात, पोरानी आपल्याला पाहिलं पाहिजे म्हणून! आता २०२१ नंतर खेळाडूंना जाहिरातीचे पैसे घ्यायला परवानगी आणि कॉलेज बदलणं पण सोपं, त्यामुळे आणलेला पोरगा टिकवणं हे अजून एक काम.

पगार कॉलेजवर. मोठ्या कॉन्फरन्समध्ये (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) असिस्टंटला सहा आकडी डॉलर आरामात, डिव्हिजन वन म्हणजे सगळ्यात वरच्या स्तरातल्या छोट्या कॉलेजात शाळामास्तरच्या आसपास, आणि सगळ्यात खालच्या डिव्हिजन थ्रीत बऱ्याचदा पार्टटाइम, दुसरी नोकरी धरूनच करायचं. एक गोष्ट कुणी सांगत नाही, १९९२ पासून एनसीएएनी, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेनी, एका असिस्टंटच्या पगारावर चक्क वरची मर्यादा घातली होती, वर्षाला १६,००० डॉलर, उन्हाळ्याचं धरून. कोचेसनी केस टाकली, जिंकले, आणि १९९९ मध्ये ५ कोटी ४५ लाख डॉलरवर मिटलं.

पण खरी गोम पगार नाही. मंत्री पडला की पीए आणि ओएसडी पण त्याच दिवशी टेबल आवरतात ना, तसं आहे हे. हेड कोच काढला की नवा आपली माणसं घेऊन येतो. मी असतानाच असं झालं, मार्चमध्ये. एका असिस्टंटनी जानेवारीत घर घेतलं होतं.

सिरॅक्यूजचा_बंड्या:
आणि हेड कोच काढला *नाही* तरी वाट लागते. माइक हॉपकिन्स. आमच्या सिरॅक्यूज युनिव्हर्सिटीतच खेळला, मग वीस वर्षांहून जास्त तिथल्या हेड कोच जिम बेहाइमचा असिस्टंट, २०१५ मध्ये ऑफिशियली सांगितलं की पुढचा हेड कोच हाच. २०१७ ला तो वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत हेड कोच म्हणून गेला, आणि बेहाइम बसला की २०२३ पर्यंत!! वॉशिंग्टनला पहिली दोन वर्षं कॉन्फरन्सचा कोच ऑफ द इयर, आणि २०२४ ला काढला.

टारहील_तात्या:
बंड्या, गॉन्झॅगा युनिव्हर्सिटीचा असिस्टंट टॉमी लॉइड पण सांग की मग. त्याला पण हेड कोच मार्क फ्यूनंतर तूच असं लिहून दिलेलं, वीस वर्षं थांबला, जपानचा हाचिमुरा, लिथुएनियाचा साबोनिस अशी पोरं आणली, आणि २०२१ ला ॲरिझोना युनिव्हर्सिटीनी हेड कोच म्हणून बोलावल्यावर गेला. पहिल्याच सीझनला ३३ जिंकल्या, ४ हरला.

वऱ्हाडी_वकील:
एक नाव राहून गेलं आणि ते तर आपल्या जवळचं. सोनिया रामन, वडील चेन्नईचे आणि आई *नागपूरची*. बोस्टनला लॉ केलं, वकिलीची नोकरी करता करता वेलस्ली कॉलेजात असिस्टंट कोच, डिव्हिजन थ्री, म्हणजे मावळ्यानी सांगितलं तसं. मग २००८ पासून बारा वर्षं एमआयटीच्या मुलींची हेड कोच, आणि २०२० मध्ये एनबीएच्या मेम्फिस ग्रिझलीजनी असिस्टंट म्हणून घेतलं. जाऊबाईंना सांगा की हातात दुसरी डिग्री असली की बारा महिने पोटाची चिंता करत कोचिंग करावं लागत नाही. मास्टर्स फुकट मिळतंय तर विषय नीट निवडायला लावा, पुन्हा स्पोर्ट्स मॅनेजमेंटच नको. स्टॅटिस्टिक्स घेतलं तर टीमला पण उपयोग.

मिडवेस्ट_मावळा:
+१. आणि काकू, अजून एक, २०१७ मध्ये एफबीआयनी चार मोठ्या कॉलेजांच्या असिस्टंट कोचना एकाच दिवशी अटक केली होती, खेळाडूंना ठरावीक एजंटांकडे वळवायला लाच घेतली म्हणून. हेड कोच एकही नाही. तेव्हा कुणी ‘हे पाकीट जरा पोचव’ म्हणालं तर पोचवायचं नाही, एवढं त्याला आत्ताच सांगून ठेवा.

एडिसनची_काकू:
बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. लॉरेन्स फ्रँकचं दिरांना वाचून दाखवलं, ते म्हणाले एक फ्रँक झाला, बाकीचे मॅनेजर कुठे आहेत ते पण विचार तुझ्या फोरमवर. पोराकडे दोन ठिकाणचं बोलणं चालू आहे, एक मोठं नाव आहे पण तिथे म्हणे आधीच सात-आठ जण अशाच कामाला आहेत, दुसरं छोटं डिव्हिजन टू, तिथे हा एकटाच. कुठलं घ्यावं?

मिडवेस्ट_मावळा:
दोन्हीकडच्या हेड कोचच्या कॉन्ट्रॅक्टची किती वर्षं उरलीयेत ते आधी बघायला सांगा, सरकारी युनिव्हर्सिटी असेल तर बऱ्याचदा ऑनलाइन सापडतं. मोठ्याचा कोच पुढच्या वर्षी जाणार असेल तर सरळ छोटं घ्या, तिथे स्काउट तरी हातात देतील.

टारहील_तात्या:
मी मोठंच म्हणेन. शब्द टाकणारा माणूस तिथेच भेटतो.