छोट्या लॅपटॉपचं वायफाय रडतंय? काय तपासलंत, काय सापडलं?

अकरा-बारा इंची लॅपटॉपवर वायफाय मध्येच तुटणं, शेजारच्या खोलीत गेलं की दांड्या गळणं, यावर खात्रीचे उपाय इथे लिहा. 'नवा राउटर घ्या' सोडून.

*

आधी दोष कुणाचा ते ठरवा. लॅपटॉप राउटरपासून दोन मीटरवर ठेवून विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'netsh wlan show interfaces' चालवा. एवढ्या जवळ सिग्नल ९० टक्क्यांच्या वर हवा. तिथेच ५०-६० दिसत असेल आणि फोनला मात्र पूर्ण रेंज असेल, तर अँटेना बघा. सिग्नल भरपूर पण कनेक्शन तुटतं, तेही फक्त बॅटरीवर? मग पॉवर सेव्हिंग. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'पॉवर मॅनेजमेंट'खालची पहिली टिक काढा.

*

अँटेनाबद्दल. मागचं झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. कार्डावर दोन बारीक वायरी बसवलेल्या असतात, बहुतेकदा एक काळी, एक पांढरी. त्या बिजागरीतून स्क्रीनच्या कडेला जातात. वायरीच्या टोकाचं पितळी बटण जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचं. ते तिरकं बसलं तरी बसल्यासारखंच दिसतं! बरोबर मध्यावर धरून नखाने सरळ खाली दाबा, 'टिच' जाणवतं. काढताना वायर ओढू नका, बटणाखालून उचला. ही जोडणी साधारण ३० वेळा काढण्या-घालण्यापुरतीच बनवलेली असते, तेव्हा उगाच चाळा नको. स्क्रीन उघडझाप करताना सिग्नल खालीवर होत असेल, तर वायर बिजागरीत चेपली आहे.

*

वरच्याला पुरवणी. स्वस्त लॅपटॉपात कार्डाला दोन खोबण्या पण वायर एकच, असं असतं. रियलटेक ८७२३बीई कार्डावर लिनक्समध्ये हमखास गोंधळ होतो: ड्रायव्हर रिकाम्या खोबणीवर ऐकत बसतो, राउटरला खेटून बसलं तरी एखादीच दांडी. ड्रायव्हरचा 'ant_sel' (कुठली खोबण वापरायची ते ठरवणारा) पर्याय १ आणि २ असा आलटूनपालटून बघा. जो चालेल तो मॉडप्रोबच्या (लिनक्समध्ये ड्रायव्हरचे पर्याय ठेवायच्या) फाइलीत लिहून ठेवा.

*

यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा हब लावला की वायफाय मरतं का? त्या पोर्टचा आणि केबलचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात पडतो, आणि छोट्या लॅपटॉपात अँटेना लांब ठेवायला जागा नसते. डिस्क अर्धा मीटर केबलने दूर करा किंवा ५ गिगाहर्ट्‌झवर जा. ब्लूटूथ हेडफोनही त्याच पट्ट्यात, आणि एकाच अँटेनाचं कार्ड असेल तर त्याच वायरीवर.

*

फोनला नेटवर्क दिसतं, लॅपटॉपला दिसतच नाही? राउटर 'ऑटो'वर असताना चॅनेल १२ किंवा १३ वर गेला असेल. अमेरिकी सेटिंगची कार्डं ते वापरत नाहीत. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ कायम करा, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्‌झ. आणि नेटवर्क फक्त ५ गिगाहर्ट्‌झचं असेल तर जुन्या एकपट्टी (फक्त २.४ वाल्या) कार्डाला ते कधीच दिसणार नाही, डोकं आपटू नका.