कोल्हापुरात बेघरांसाठी निवारा असून माणसं सीबीएसवर (मध्यवर्ती बसस्थानकावर) का झोपत्यात?

रंकाळाकर:
सीबीएस, रेल्वे स्टेशन, पंचगंगा घाट, रात्री अकरानंतर कुठंबी बघा. लोक म्हणतात ह्यांना दारू प्यायला मोकळीक पाहिजे म्हणून निवाऱ्यात जात नाहीत. मला नाही पटत. नवऱ्याचा मार खाऊन निघालेली बाई किंवा एकदा उचलून नेलेला म्हातारा, त्याचं बोचकं दारातच काढून घेतलं, बाहेरनं कडी घातली आणि पन्नास अनोळखी माणसांत झोप म्हटलं, तर तो थांबणार कसा? मनावर आघात झालेल्याचं डोकं झोपेतबी धोकाच हुडकत असतंय. दाराजवळची जागा मागितली तर द्या, उठवताना हलवू नका, लांबनं हाक मारा. ह्याला बजेट लागतंय कुठं?

पेठकरी:
भावा, लिवायला सोपं हाय. रात्रपाळीला एकटा माणूस, तोबी कंत्राटावर, आणि बोचक्यात चाकू निघाला तर? बाकीच्यांना आघात नसतो व्हय? सुप्रीम कोर्टानं 2010 लाच सांगितलंय, लाख लोकसंख्येमागं एक निवारा, चोवीस तास उघडा. 2011 ला आपण साडेपाच लाखांच्या आसपास होतो, हिशोब तूच कर. आधी खाटा, मग मानसशास्त्र.

रंकाळाकर:
तपासा की, पण त्याच्यासमोर, त्याच्याच हातानं उघडून. चाकू बाजूला काढा, बाकीचं उशाला राहू दे. आणि खाटा वाढवून त्या मोकळ्याच राहिल्या तर?

शाहूपुरीची ताई:
दोघं भांडताय पण खाकीची भीती विसरलात. 1959 च्या भीक प्रतिबंधक कायद्यात वॉरंटशिवाय पकडता येतं आणि कोर्ट एक ते तीन वर्षं डांबू शकतं. दिल्लीत हायकोर्टानं 2018 ला त्यातली बरीच कलमं उडवली, ती फक्त दिल्लीपुरती. उलट 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 100 बघा, भटकणारा मानसिक आजारी माणूस पोलिसांनी 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचा, लॉकअपमध्ये अजिबात ठेवायचा नाही. म्हणून निवाऱ्यात न्यायला गणवेशवाल्याला पाठवू नका, आणि रोज नवीन चेहरा तर नकोच.

पेठकरी:
ताई, गणवेशाचं मान्य. पण रोज तोच चेहरा पाहिजे तर पगार वेळेवर द्या की, दोन महिन्यांत माणूस सोडून जातंय. आणि रात्रीला दोघं पाहिजेत, त्याशिवाय कडी काढा म्हणणाऱ्यानं एक रात्र स्वतः ड्युटी करून बघावी.