अभंग ट्यून करून आणला, त्यातनं बाबाच गायब

मंगळवारपेठी: बाबा ७३ वर्षांचे, पेठेतल्या भजनी मंडळात गातात. मागच्या एकादशीला घरीच भजन होतं, तेव्हा मोबाईलवर रेकॉर्ड केलं. अभंग भीमपलास रागातला, पेटीची पट्टी काळी दोन. वरच्या षड्जाला आवाज चिरकला, त्याच वेळी पखवाजवाले काका "हां!" म्हणून ओरडले आणि पुढं कुकरची शिट्टी. एका स्टुडिओत नेलं. तिथल्या पोरानं पिच करेक्शन (सूर आपोआप नीट करणारं सॉफ्टवेअर) लावलं, श्वास कापले, काकांचा "हां" उडवला, पखवाज मेट्रोनोमच्या ठोक्यावर बसवला. तीन हजार गेले. बाबांना हेडफोन लावून ऐकवलं. अर्धा अभंग ऐकून म्हणाले, "बरा गातोय. कुठला हाय ह्यो?"

यूट्यूबवर कुठलं टाकू? बहीण म्हणते साफ केलेलंच टाक, लोक हसतील.

मिक्सरवाला_राजारामपुरी: भावा, रीट्यून स्पीड (सूर किती झटक्यात सुधारायचा ते) शून्यावर ठेवला असणार त्यानं. मग सॉफ्टवेअर गळा उचलून जवळच्या सुरावर ठोकतंय, आणि त्याच्याकडं सूर पेटीचेच बारा. भीमपलासचा गंधार मध्यमाला शिवून खाली येतो. मशीनला ते शिवणंच चूक वाटतं, मींडेचा, म्हणजे एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाण्याचा, जिना करून ठेवतं. मूळ फाईल घे. पंख्याची घरघर तेवढी कमी कर, पण जपून, नाहीतर पखवाजाचा धुमाच (डाव्या बाजूचा खर्ज) पातळ होईल.

स्पष्टच_बोलते: मला नाही पटत. रियाज न करता "भाव बघा" म्हणणारे खूप बघितलेत. बेसूर ते बेसूरच.

जुना_श्रोता: ताई, बेसूर वेगळं आणि थकलेला गळा वेगळा. जयपूर घराण्याचे गवई अल्लादियाखाँसाहेब, त्यांचा आवाज ऐन उमेदीत अति गाऊन गेला. परत आला, पण पहिल्यासारखा नाही. मग त्यांनी त्या आवाजाला झेपेल अशी पेचदार, लयीला धरून चालणारी गायकी घडवली आणि शाहू महाराजांच्या दरबारात तीच गायले. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर शिकल्या त्याही तीच. आणि घरात तंबोरा असेल तर घोडीवरचा तारेखालचा सुताचा धागा काढून बघा. तार स्वच्छ बोलेल, पण तंबोरा वाजतोय असं वाटणार नाही. (मिरजेच्या कारागिराकडं जवारी (तारेचा तो घुमारा) काढताना एकदा तासभर बसलोय, म्हणून सांगतो.)

मंगळवारपेठी: काल मूळ फाईल बाबांना परत ऐकवली. चिरकलेल्या जागी मीच मान खाली घातली. ते म्हणाले, "पेटीचा पंचम उतरलाय, तेवढी दुरुस्तीला टाक. आणि काकाचा हां कशाला काढला? तो बोलला म्हणून तर मी परत वर गेलो."

मूळच टाकलंय. शिट्टी २ मिनिटं ४० सेकंदांवर आहे. बहीण बोलत नाहीये. पेटी सोमवारी मिळणार.