रुग्णालयातील नेतृत्व: पद की निर्णयाचा अधिकार?

परिसेविका (वॉर्डाची प्रमुख परिचारिका), धंतोली, नागपूर:
आमच्या खासगी रुग्णालयात नुकतीच नेतृत्वावर कार्यशाळा झाली. ध्येय ठरवणे आणि सहकाऱ्यांना प्रेरणा देणे म्हणजे नेतृत्व, असे तिथे सांगण्यात आले. मात्र वॉर्डातल्या परिचारिकेला विचारले, तर ती रात्रपाळीतल्या अशा एखाद्या सिस्टरचे नाव घेईल, जी रुग्णाचा श्वास वाढतो आहे आणि रक्तदाब उतरतो आहे हे सर्वांआधी ओळखते, निवासी डॉक्टरांना उठवते आणि ते आले नाहीत तर थेट वरिष्ठांना फोन करते. तिच्याकडे पद नसते आणि सकाळी जाब मात्र तिलाच विचारला जातो. रुग्ण खालावत असताना वरिष्ठांना बोलावण्याचा अधिकार परिचारिकेला लेखी मिळत नाही, तोवर अशा कार्यशाळांचा उपयोग नाही, असे माझे ठाम मत आहे.

निवृत्त अधिसेविका (मेट्रन), हनुमाननगर:
ताई, मी सहमत नाही. शासकीय सेवेतली अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका ही उतरंड शोभेची नाही. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या शासकीय रुग्णालयांत विदर्भासह मध्य प्रदेशातूनही रुग्ण येतात. तिथे रजा, औषधसाठा आणि पाळ्या यांचा मेळ पदाच्या अधिकाराशिवाय बसत नाही. जाणती परिसेविका नवख्या सिस्टरसोबत अनुभवी सिस्टर येईल असे ड्युटीपत्रक लावते, त्यामुळे धाडस करण्याची वेळच कमी येते. हे काम कुणाच्या नजरेत भरत नाही, पण माझ्या मते खरे नेतृत्व तेच. वरिष्ठांना फोन जरूर व्हावा, पण पाळीच्या प्रभारी सिस्टरमार्फत.

फिजिशियन, रामदासपेठ:
उपचाराच्या निर्णयाची जबाबदारी शेवटी डॉक्टरवर येते, त्यामुळे केवळ 'मला वाटले' एवढ्यावर मधली पायरी ओलांडणे मला मान्य नाही. ब्रिटनमध्ये २०१२ पासून श्वासगती, प्राणवायूची पातळी, रक्तदाब, नाडी, शुद्धीची अवस्था आणि तापमान यांना गुण देण्याची पद्धत आहे. बेरीज ७ किंवा अधिक झाली की तातडीने तज्ज्ञांना बोलावतात. असे निकष असतील तर सिस्टरने मला रात्री केव्हाही उठवावे.

नर्सिंग शिक्षिका, मानेवाडा:
भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सामान्य वॉर्डात शिक्षण रुग्णालयात ३ रुग्णांमागे आणि इतर रुग्णालयांत ५ रुग्णांमागे १ परिचारिका असावी. प्रत्यक्षात एका परिचारिकेकडे कितीतरी अधिक रुग्ण असतात. दर तासाला नोंदी घेणारे हातच नसतील, तर ते गुण मांडणार कोण? १९४७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोग कायद्याचा भर शिक्षण, नोंदणी आणि सेवेच्या दर्जावर आहे. वॉर्डात कुणी कुणाला बोलवावे हे रुग्णालयालाच ठरवावे लागेल.

परिसेविका, धंतोली:
डॉक्टरसाहेब, निकष मला मान्य आहेत; त्यांनी सिस्टरचा हात बळकट होईल. मात्र गुण कमी असूनही रुग्णाची कळा बदललेली दिसते, तेव्हाही बोलावण्याची मुभा हवी. मॅडम, प्रभारीमार्फत कळवण्याची सूचना मोठ्या रुग्णालयात चालेल. लहान रुग्णालयात रात्री एकच प्रभारी दोन मजले सांभाळते आणि ती येईपर्यंत थांबणे रुग्णाला परवडत नाही.

निवृत्त अधिसेविका, हनुमाननगर:
मग प्रत्येक मजल्यावर प्रभारी नेमण्याची मागणी करा. मधली पायरी काढून टाकली, तर उद्या त्याच सिस्टरच्या पाठीशी उभे राहायला कुणी नसेल.