निळा उतरतो, पिवळा उतरत नाही! आयनिक लिक्विड धुवायचं कसं?

एम.एस्सी.चा प्रकल्प आहे, जमा करायला तीन आठवडे उरलेत. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्यांची काळी पूड हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून कोबाल्ट आणि निकेल वेगळे करतेय. (पूड विरघळताना क्लोरीन सुटतो हे वाचलं होतं, पहिल्याच दिवशी नाकाने खात्रीही करून दिली.) आयनिक लिक्विड (खोलीच्या तापमानाला द्रव असणारा क्षार, यात कोबाल्ट ओढून घ्यायचा) फॉस्फोनियम क्लोराइडचं, ट्रायहेक्झिल-टेट्राडेसिलवालं, कुठलाही सॉल्व्हंट न मिसळता. ८ मोलर आम्लात कोबाल्ट चार क्लोराइड घेऊन निळा ऋण आयन होतो आणि वरच्या थरात चढतो. निकेलला ते जमत नाही, तो खाली हिरवा राहतो. इथवर इतकं झकास की अख्ख्या लॅबने फोटो काढले.

पुढे गाडी अडते. कोबाल्ट परत काढायला साधं पाणी घातलं की फनेलमध्ये ताक होतं, दोन दिवस थर सुटत नाहीत. सुटले की पाणी छान गुलाबी, पण लिक्विड पिवळंच. दर फेरीला जास्त पिवळं. लिक्विड महाग आहे, गाईड सर दुसरी बाटली मागवणार नाहीत.

प्रतिसाद १
पिवळा म्हणजे लोखंड. सेलचं कवच स्टीलचं असतं, पुडीत कण आलेच असणार. फेरिक लोखंडाचा टेट्राक्लोरो (चार क्लोराइडवाला) आयन एकच ऋणभार असलेला, पाण्याशी फारसं न जमणारा. नुसत्या पाण्याने तो हलत नाही. ईडीटीएच्या (हे रसायन धातूचे आयन घट्ट पकडतं) द्रावणात थोडा अमोनिया घालून धुवा, मग मिठाच्या पाण्याने, म्हणजे लिक्विड पुन्हा क्लोराइड रूपात येईल. पुढच्या बॅचला मात्र लोखंड आधीच काढा: द्रावणाचा सामू साडेतीनच्या आसपास नेलात की ते हायड्रॉक्साइड होऊन बसतं, कोबाल्ट-निकेल विरघळलेलेच राहतात. गाळून घ्या, मग आम्ल वाढवा.

प्रतिसाद २
ताकाचं कारण जाडपणा. हे लिक्विड खोलीच्या तापमानाला मधासारखं असतं. ६० अंशांवर करा, पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि फनेल जोरात हलवू नका, हळू उलटसुलट करा. सेंट्रिफ्यूज असेल तर प्रश्नच मिटला.

धागाकर्ती
दोघांचेही आभार! ५ मिली लिक्विडवर ईडीटीए करून पाहिलं, पिवळेपणा बराच उतरला. ६० अंशांवर थर वीस मिनिटांत सुटले. आता एकच शंका: सामू वाढवताना सोडा घातला तर ते सोडियम पुढे त्याच पुडीतलं लिथियम काढताना आडवं येईल का?