मदत हवी आहे (तातडीची): उद्या नॉर्समन ते युक्ला, एका दिवसात?

गोदाकाठचा_भटक्या
उद्या सकाळी निघायचंय, जरा लवकर उत्तर द्या. नॉर्समन ते युक्ला एका दिवसात होतं का? एकटा आहे. मधे पेट्रोल कुठे भरायचं आणि रूम आधी बुक करावी की जाऊन मिळते? मॅप साडेसात तास दाखवतोय, पण इथल्या मोटेलच्या बाई नुसती मान हलवतात. ज्यांनी केलंय त्यांनीच लिहा प्लीज.

मनमाड_पॅसेंजर
हे आहे कुठे? नॉर्वेत का?

पाचवी_स्कीम_सिडको
साडेसात तास म्हणजे काहीच नाही भाऊ. मी नाशिक-गोवा एका दमात मारतो, तेही एकटा. पहाटे चारला स्टार्टर मारा, दुपारी जेवायला युक्ला की काय ते. पेट्रोलचा कॅन डिकीत ठेवा म्हणजे प्रश्नच मिटला.

गोदाकाठचा_भटक्या
ऑस्ट्रेलिया हो. नलरबॉर, म्हणजे दक्षिणेकडचं ओसाड पठार. ७१० किमीच्या आसपास आहे. चारला निघतो मग?

नाशिकरोडची_माहेरवाशीण
थांबा, चारला अजिबात नको. मी अ‍ॅडलेडला असते, हा रस्ता दोन्ही बाजूंनी केलाय. आधी सांगा: गाडी भाड्याची का? कुठली? आणि युक्लाला किती वाजेपर्यंत पोचायचं ठरवलंय? बाईंनी मान का हलवली ते बहुतेक यातच आहे.

पेठरोड_आरटीओ_एजंट_नाही
परदेशात गाडी चालवायची तर आयडीपी (इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट) लागतो. पेठ रोडला आरटीओत फॉर्म ४ए भरायचा, सोबत पासपोर्ट, व्हिसा आणि चालू लायसन. फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. एजंटला पैसे देऊ नका, ऑनलाइन होतं.

गोदाकाठचा_भटक्या
अहो मी नॉर्समनला बसलोय, पेठ रोडला नाही. आयडीपी खिशात आहे.
ताई, गाडी पर्थहून भाड्याने घेतली, छोटी हॅचबॅक. अ‍ॅडलेडला सोडायची. अंधार पडायच्या आत पोचावं एवढंच. सहापर्यंत उजेड असेल ना?

नाशिकरोडची_माहेरवाशीण
सहापर्यंत नसतो. जून चालू आहे, म्हणजे इकडे हिवाळा. नॉर्समनला सातच्या सुमारास उजाडतं. युक्लाला सूर्य मावळतो तिथल्या घड्याळात सव्वापाचच्या आसपास, आणि तिथलं घड्याळ पर्थच्या ४५ मिनिटं पुढे. वाटेतलं कायगुना सोडलं की रोडहाऊसवाले (हायवेवरचे पेट्रोल-जेवण-रूमचे थांबे) सगळे त्याच घड्याळाने चालतात. सरकारी वेळ नाही ती, त्यामुळे मोबाइलवर विसंबू नका. म्हणजे तुमच्या हातावरच्या पर्थच्या घड्याळात साडेचारलाच दिवस संपला. ७१० किमीला उजेड साधारण साडेनऊ तास. होतं, पण रमतगमत नाही.

आता गाडी भाड्याची. पर्थकडच्या बऱ्याच कंपन्यांच्या करारात गावाबाहेर सूर्यास्तानंतर गाडी चालवली तर विमा लागू नाही असं कलम असतं. आत्ता कागद काढून वाचा. कांगारू पहाटे आणि संध्याकाळीच रस्त्यावर येतात, म्हणून चार वाजताचं स्टार्टर नको म्हटलं. रात्री ट्रकवाले जातात, पण त्यांच्या पुढे लोखंडी बुलबार असतो. तुमच्या हॅचबॅकच्या पुढे काय आहे?

पाचवी_स्कीम_सिडको
ताई, आमच्याकडे रात्री कसारा घाटात गाई बसलेल्या असतात. हॉर्न वाजवला की उठतात.

नाशिकरोडची_माहेरवाशीण
कांगारू हॉर्न ऐकून गाडीसमोरच उडी मारतो.

पेट्रोल: नॉर्समन-बॅलाडोनिया १९१ किमी, पुढे कायगुना १८२. ही दोन मोठी अंतरं, बाकी सगळी त्याहून कमी. कॉकलबिडी, मडूरा, मुंड्राबिला, मग युक्ला. अर्धी टाकी झाली की भरायचं, दर बघायचा नाही (बघितलात तर रडाल). कॅनची गरज नाही. पाणी मात्र भरपूर ठेवा. दोन रोडहाऊसच्या मधे रेंज जवळजवळ नाही, म्हणून नकाशा ऑफलाइन करून घ्या आणि रूम आजच फोन करून सांगून ठेवा.

इंदिरानगर_टायरवाला
७१० म्हणजे अख्खा समृद्धी की! नागपूर ते आमणे ७०१. ५ जून २०२५ला पूर्ण खुला झाला तेव्हा आम्ही इगतपुरीला चढून नागपूरपर्यंत गेलो. सरळ रस्त्याने डोळे जड होतात हे लक्षात ठेवा. हवेचं प्रेशर सकाळी थंड टायरला बघा. भाड्याच्या गाडीत स्टेपनी खरी आहे की नुसतं पंक्चर किट, ते आत्ताच्या आत्ता डिकी उघडून बघा. हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

मनमाड_पॅसेंजर
समृद्धीवर टू-व्हीलरला बंदी का आहे? कर भरत नाही का आम्ही?

इंदिरानगर_टायरवाला
त्याचा वेगळा धागा काढ रे.

गोदाकाठचा_भटक्या
किट आहे, स्टेपनी नाही. कलमही आहे, ताई म्हणतात तसंच. मग आता दोन दिवस करायचे का? अ‍ॅडलेडहून फ्लाइट आहे, तारीख हलत नाही.

जुने_नाशिक_१९६८
बॅलाडोनियाला चहाला थांबाल तेव्हा तिथलं छोटं म्युझियम बघा. जुलै १९७९ला स्कायलॅब, नासाचं अंतराळ स्थानक, पडलं ना, त्याचे तुकडे त्याच भागात पडले. आम्ही अकरा वर्षांचे. डोक्यावर पडेल म्हणून आजीने अंगणात खेळू दिलं नव्हतं, आणि पडलं कुठे तर तिकडे! एस्परन्सच्या नगरपालिकेने कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलर दंडही केला होता.

नाशिकरोडची_माहेरवाशीण
काका, त्याला चहालाही वेळ नाहीये.

भटक्या, दोन दिवस लगेच धरू नका. सातला, नीट उजाडल्यावर निघा. मडूरा ५३० किमीवर आहे. तिथे पोचाल तेव्हा पर्थच्या घड्याळात सव्वादोन वाजून गेले असतील तर तिथेच रूम घ्या, पुढे जाऊ नका. त्याआधी पोचलात तर उरलेले १८० दोन तासांत होतात. वेगमर्यादा ११० आहे, ती पाळूनही. मडूरा आणि युक्ला दोन्हीकडे आज बोलून ठेवा, स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं तेही विचारा. ते त्यांच्या घड्याळाने, तुमच्या नव्हे.

बॅलाडोनिया ते कायगुना १४६.६ किमी एकही वळण नाही. झोप तिथे येते. त्या भागात रस्त्यावर जाड पांढरे पट्टे दिसतील, ती फ्लाइंग डॉक्टरच्या (विमानाने येणाऱ्या डॉक्टरी सेवेच्या) विमानाची धावपट्टी आहे. फोटोसाठी त्यावर गाडी लावू नका.

देवळाली_कॅम्पच्या_काकू
सोबत खायला काय घेतलंय? मध नेऊ नको हं, जप्त करतात.

नाशिकरोडची_माहेरवाशीण
काकू, मधाची तपासणी पर्थकडे जाताना, राज्याच्या सीमेवर. हा उलटा चाललाय. याला परवा युक्लाच्या पुढे, सेडूनाला थांबवतील, ताजी फळं-भाज्या काढून घेतील. कांदेसुद्धा.

गोदाकाठचा_भटक्या
संत्री आणि टोमॅटो आहेत, उद्याच संपवतो. चिवडा चालेल ना? मडूराला फोन केला, एक रूम आहे, धरून ठेवतायत. युक्लाचा फोन कुणी उचलत नाहीये.

पाचवी_स्कीम_सिडको
मी अजूनही म्हणतो, कॅन घ्या.

मनमाड_पॅसेंजर
ते आयडीपीचं ऑनलाइन म्हणालात ना, त्यात मेडिकल सर्टिफिकेट लागतं का?