अनुभव धागा: घाटात रेडिएटर फुटला तेव्हा तुम्ही काय केलेत?

गाडी गरम होऊन रस्त्यात थांबण्याचा प्रसंग बहुतेकांवर एकदा तरी आलेला असतो. पण रेडिएटरलाच चीर गेली आहे, जवळपास गॅरेज नाही आणि हाताशी असेल त्या वस्तूने गाडी पुढच्या गावापर्यंत न्यायची आहे, अशा वेळचे अनुभव येथे लिहावेत. कोणता उपाय केला याबरोबरच तो किती किलोमीटर टिकला, हेही आवर्जून सांगावे. सुरुवात मी करतो.

मे महिन्यात चिपळूणहून कराडला जाताना पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढू लागलो आणि तापमानाचा काटा वर सरकला. दोन वळणांनंतर तो आपोआप खाली आला, तेव्हा मला हायसे वाटले. हीच माझी चूक होती. पाणी निघून गेले की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटे बोलू लागतो, हे मला त्या दिवशी कळले. बॉनेट उघडले तेव्हा वरच्या होज पाईपच्या तोंडाशी, प्लॅस्टिकच्या टाकीवर, केसाएवढी चीर दिसली आणि तिच्या कडेला वाळलेल्या कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) हिरवट-पांढरा थर होता.

इंजिन थंड होईपर्यंत पाऊण तास आम्ही काहीही केले नाही, आणि माझ्या मते दुरुस्तीतला तोच सर्वांत महत्त्वाचा भाग होता. वरचा होज हाताने दाबला असता तो मऊ लागला, तेव्हाच जाडसर फडके धरून रेडिएटरचे झाकण सैल केले. डिकीत एम-सीलचे पाकीट होते. सँडपेपर नसल्याने पत्नीच्या नखे घासायच्या कानशीने चिरेभोवतीचा भाग खरवडला, पाण्याची पातळी चिरेच्या खाली आणली, जागा कोरडी पुसली आणि एम-सीलचे दोन्ही भाग एकच रंग येईपर्यंत मळून चिरेच्या दोन्ही बाजूंना बोटभर पुढे जाईल असा थर दाबून बसवला. ओल्या किंवा तेलकट जागेवर ते धरत नाही आणि घाई केली तर उखडते, म्हणून आणखी दीड तास थांबलो.

पुढची युक्ती एका ट्रकचालकाने सांगितली. झाकण पूर्ण न आवळता पहिल्या खाचेवरच ठेवायचे. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा जो आकडा असतो, तो बार या मापातला दाब असतो. त्या दाबामुळे पाणी १०० अंशांवर उकळत नाही, पण तोच दाब चिरेतून पाणी बाहेर ढकलतो. दाब उतरवला की गळती मंदावते, मात्र पाणी लवकर उकळते, म्हणून गाडी हळू चालवावी लागते. शिवाय हीटर पूर्ण गरमवर ठेवला, कारण तोही एक छोटा रेडिएटरच असतो. मे महिन्यात हीटर लावून, काचा खाली करून, घामाच्या धारांत आम्ही हेळवाक गाठले. वाटेत दोनदा पाणी भरले, आणि ठिगळ थेट पाटणच्या गॅरेजपर्यंत टिकले.

सावंतवाडीहून:
मी आंबोली घाटात बरीच वर्षे जीप चालवली. तेव्हाचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत आणि गावातला कारागीरही त्यांना डाख लावून देत असे. रस्त्यात बारीक भोक पडले तर आम्ही दोन चमचे हळद पाण्यात कालवून रेडिएटरमध्ये ओतत असू. तिचा गाळ भोकाशी जाऊन बसतो. मी हा उपाय अनेकदा केला आहे, पण तो सुईएवढ्या भोकापुरताच. प्लॅस्टिकच्या टाकीला चीर गेली तर हळदीचा उपयोग नाही. नंतर रेडिएटर धुऊन घेतला नाही, तर तोच गाळ हीटरच्या बारीक नळ्याही बुजवतो. स्वयंपाकघरातली हळद मागताना घरच्यांची बोलणी खावी लागतात, ती वेगळीच.

नागपूरहून:
अमरावती रस्त्यावर कोंढाळीच्या अलीकडे, पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा थेट रेडिएटरच्या जाळीत घुसला आणि एक नळी फुटली. मेकॅनिक असलेल्या मित्राने फोनवर सांगितल्याप्रमाणे इंजिन थंड झाल्यावर तिच्या आजूबाजूची पत्र्याची जाळी पकडीने काढली, नळी भोकाच्या जागी कापली आणि दोन्ही टोके दोनदा दुमडून घट्ट दाबली. अनेक नळ्यांपैकी एक बंद झाल्याने फारसे बिघडत नाही. नंतर साधे पाणी भरून, एसी न लावता, ४५ अंशांच्या उन्हात पन्नास किलोमीटर आलो.

पुण्याहून:
माझा अनुभव काय करू नये याचा आहे. खंबाटकी घाटात मी दहाच मिनिटांत झाकण उघडले. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्यानंतर घाबरून बाटलीतले गार पाणी तापलेल्या इंजिनात ओतले आणि हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा गेला. रेडिएटरपेक्षा हेडचे बिल कितीतरी मोठे होते.

ठाण्याहून:
कसारा घाटात माझ्या गाडीची चीर प्लॅस्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी जिथे जोडलेली असते, नेमकी तिथे होती. आत रबरी गॅस्केट असल्याने तिथे कोणतेही ठिगळ धरत नाही, हे पाहून मी प्रयत्नच केला नाही. राष्ट्रीय महामार्ग असल्याने १०३३ या महामार्ग मदत क्रमांकावर फोन केला आणि क्रेनमागून इगतपुरीला गेले. टोचन लावून ओढून नेण्याची तयारी एका टेम्पोवाल्याने दाखवली होती, पण बंद इंजिनात ब्रेक जड होतात, म्हणून घाटात ते नको म्हटले.

धागाकर्ता:
नागपूरकरांना एक विचारायचे आहे: साधे पाणी भरून आल्यानंतर ते पुन्हा कधी काढले?

नागपूरहून:
दुसऱ्याच दिवशी, नवा रेडिएटर बसवताना. साध्या पाण्याने आतून गंज धरतो. आणखी एक सांगायचे राहिले: सांडलेला कूलंट चवीला गोड असतो, पण विषारी असतो. कोंढाळीजवळ एक कुत्रे त्या थारोळ्याकडे येऊ लागले, तेव्हा मी आधी त्यावर माती लोटली आणि मगच पकड हातात घेतली.